मधली काच

जमीन हलली तेव्हा मी आरशासमोर भाषण म्हणत होते. "सन्माननीय व्यासपीठ" इथपर्यंत आले आणि आरशातली मी माझ्याआधी थरथरली. मग खाली दुकानातून तो आवाज आला. ज्यांच्या घराखाली काचेचं दुकान नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. उभ्या करून ठेवलेल्या सगळ्या काचा, भिंतीवरचे सगळे आरसे, कपाटातल्या सगळ्या फ्रेमा एकदम बारीक आवाजात बोलायला लागल्या, थंडीत दात वाजतात तशा. पाच सेकंद, फार तर सहा. घड्याळात सहा चाळीस.

मी गल्लीत पोचले तेव्हा घरातले सगळे आधीच बाहेर होते. दादांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दुकानाच्या शटरला कान लावलेला. दादी पुटपुटत कुराणातली आयत म्हणत होती. अब्बूंच्या एका गालावर साबणाचा फेस. आणि अब्बूंची थोरली बहीण, माझी उमैमाफुफू, अनवाणी, हातात फक्त पाण्याची बाटली. ही बाटली फुफू कधी सोडत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाला सासरच्या माळवदाखाली ती चौदा तास गाडलेली होती, आणि त्या चौदा तासांबद्दल ती एवढंच सांगते, की तहान लई लागली.

"आज वर पोरं चढवायची न्हाईत," फुफू म्हणाली. "आत्ताच सांगते."

"आपा, जमीन हलली, आभाळ न्हाई पडलं." शारिकचाचा चपला शोधत होते. ते भावंडांत धाकटे, आणि आजचा दिवस त्यांचा होता, जिनिंगच्या माडीवरच्या टेस्ट हॉलच्या उद्घाटनाचा. "अकरा वाजता एकशे ऐंशी पोरं येणार. नायगावची, लोह्याची तर पहिल्या बसला बसलीसुद्धा असतील. काय सांगू त्यांना? माझी बहीण घाबरून राहिली म्हणून परत जा?"

"हाव, तेच सांग."

"अब्बा, तुम्हीच समजवा हिला."

दादांनी शटरवरचा कान काढला. "दुकानातली एकही गेली न्हाई," ते म्हणाले. "जिनिंगवर चला. तिथल्या काचा सांगतील तसं करू."

काचा सांगतील म्हटल्यावर आमच्या घरात पुढं कुणाचं चालत नाही.

मी तेव्हा चाचांच्या बाजूची होते, हे लिहायलाच पाहिजे. स्वागताचं भाषण माझं होतं. जानेवारीत जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, आणि आठवीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नव्हता ती मी आता घरात कुणी काहीही बोललं की त्यावर तीन मुद्दे मांडत होते. "फुफू, भीती ही माणसाला..." असं मी सुरूही केलं. फुफूनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं. मी पहिला मुद्दाच विसरले.

"तुम्ही आवरून या, मी बेंच बघतो," म्हणत चाचांनी स्कूटर काढली. दादीनं चहाचा थर्मास त्यांच्या हुकाला अडकवला. तेव्हा सात वाजत होते.

*

आमची लाल जिनिंग म्हणजे विटांची लांबलचक दुमजली इमारत. निजामाच्या काळात तिच्या माडीवर कापसातून सरकी काढायची यंत्रं होती. ती गेली, मग शेंगदाण्याचं तेल आलं. तेलवाल्यांनी सोडली तेव्हा तिच्या खिडक्यांना काचा बसवणारा माणूस म्हणजे दादांचे अब्बा. त्यांनी ती विकत घेतली आणि खिडक्यांसाठी इमारत घेणारा काचवाला म्हणून गावभर हसू करून घेतलं. त्र्याण्णवला खाली छतापर्यंत भूकंपाच्या मदतीचे तंबू आणि कपड्यांचे गठ्ठे. मग शादीखाना झाला. माझ्या अब्बू-अम्मीचं लग्न तिथलंच. मग आमच्या काचांच्या पेट्या. आणि आता शिवशंकर सरांच्या क्लासचा टेस्ट हॉल. नांदेडला पोरं एवढी येऊन राहिली होती, की सरांना बसवायला जागा पुरत नव्हती. माडीवर एकामागं एक एकशे ऐंशी बेंच लागले तेव्हा चाचांनी मला तिथं नेऊन उभं केलं आणि विचारलं, "कशी दिसते?" मी म्हणाले, "विद्यापीठ." चाचांचे डोळे भरून आले. एवढा जीव होता त्यांचा त्यात.

आम्ही दहाला पोचलो. दक्षिणेच्या भिंतीपाशी सर उभे होते, आणि त्यांचे वडील दगडोबाआजा. आजा तरुणपणी याच जिनिंगमध्ये कापसाची वझी वाहायचे. त्यांना मुलाचा टेस्ट हॉल बघायचा नव्हता, माडी बघायची होती.

"निजामभाई," त्यांनी दादांना हाक मारली, "सकाळी लोह्यात भांडी वाजली. इथं?"

"इथंबी वाजली. या, दाखवतो."

त्या भिंतीत तडा आहे. बोट जाईल एवढा खाली, वर केसासारखा. त्र्याण्णवचा. त्याच्यावर आडव्या तीन काचपट्ट्या बसवलेल्या आहेत, वरची, मधली, खालची. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे. शेजारी खिळ्यानं विटेत कोरलेलं, १९९३.

"तंबूंच्या ट्रकबरोबर एक इंजिनिअर आले होते," दादा सरांना सांगू लागले. आम्हाला हे पाठ होतं, तरी सगळे ऐकत होते. "ते बोलले, काचवाले तुम्ही, मग तुमचीच काच लावा. भिंत सुतभर जरी चालली तरी काच टिच्कन तुटेल. सर, आमच्या धंद्यात सगळ्या काचा टिकाव्या म्हणून लावतात. या तीनच अशा हायेत, ज्या तुटाव्या म्हणून लावल्यात." त्यांनी रुमालानं एकेक पट्टी पुसली. "तीस वर्षं झाली. शादीखान्यात रात्रभर ढोल वाजले. आज जमीन हलली. बघा. तिन्ही साबूत."

सरांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. त्यांचा फोन सकाळपासून वाजत होता. त्यांनी तो लगेच कानाला लावला. "हां, बोला पालक. काही काळजी नाही. भिंतीला काचा लावून तपासलंय. माझी मुलगी पुनमही वरच बसतेय पेपरला, आता सांगा."

चाचा हसून सगळ्यांना पाणी देत होते. फुफू गेटाच्या बाहेर उभी होती. ती आत यायला तयार नव्हती.

"ये की आत," दादीनं हात केला. "काचा चांगल्या हायेत म्हणून राहिले ना तुझे अब्बा."

"मी इथंच बरी, अम्मी."

आणि मला मुंग्या दिसल्या.

विटांच्या सांध्यातून एक बारीक रांग वर चढत होती, आणि दुसरीकडं कुठं न जाता मधल्या काचेच्या डाव्या गोळ्यावर जाऊन घोळका करत होती. दादांचा रुमाल नुसता काचेवरून फिरला होता.

आता हे सांगते. जुन्या फोटोला नवी फ्रेम करायची असली की आतला पुठ्ठा कोरा पांढरा दिसतो, फोटोला शोभत नाही. म्हणून आम्ही त्याला चहाचं पाणी लावतो. पाच मिनिटांत पुठ्ठा चाळीस वर्षांचा होतो. दुकानात ही कला सगळ्यांना येते, मलाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी झाडलोट करताना मी एकटी या भिंतीपाशी आले तेव्हा मधली काच तडकलेली होती. मधोमध, सरळ.

मी इंजिनिअरचा विचार केला नाही. मी दादीचा विचार केला. तडकलेली काच मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजाच्या, आत घराबाहेर, हा तिचा नियम. तडकलेल्या आरशात तोंड बघायचं नाही, तडकलेल्या पेल्यात पाणी द्यायचं नाही. आमच्या हातांना हे लहानपणापासून लागलेलं. उद्घाटनाला पाहुणे येणार आणि काचवाल्यांच्या भिंतीला फुटकी काच! मी दुकानातून पट्टी कापून आणली, रंगाऱ्यांच्या पोत्यातलं प्लास्टर कालवलं, काच बसवली, गोळे पांढरे दिसले म्हणून चहा फिरवला. दोन दिवस मुंग्या आल्या. मग गेल्या. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही.

पंधरा दिवसांनी त्याच गोळ्यावर पुन्हा मुंग्या.

मी बोट लावलं. प्लास्टर गार होतं, ओलसर. बोट जिभेला लावलं. गोड.

मान वळवली तर चाचांच्या स्कूटरच्या हुकाला थर्मास लटकत होता, आणि चाचा माझ्याचकडं बघत होते. त्यांच्या हातातला पाण्याचा जग तिरका झाला होता आणि पाणी त्यांच्याच बुटावर पडत होतं.

*

चाचांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला दोन महिन्यांनी, न विचारता सांगितलं. ते सव्वासातला पोचले तेव्हा मधली काच दोन तुकडे होऊन लोंबत होती. "डोकं नंतर चाललं, जिक्रा. आधी हात चालले." पट्टी पेट्यांमध्ये होतीच, पोत्यात प्लास्टर होतं. सगळं दहा मिनिटांत. चहा फिरवून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं. ते पायरीवर बसले. उठून काच परत काढावी म्हणून त्यांनी हात वरही नेला होता. तेवढ्यात सरांचा फोन आला, सगळं ठीक ना? आणि त्यांच्या तोंडून गेलं, एकदम ठीक, काचा साबूत हायेत. "एकदा बोललो," चाचा मला म्हणाले, "मग ते खरंच वाटायला लागलं."

तिथं भिंतीपाशी मात्र ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आज न्हाई, बेटा."

"चाचा, ही आज तुटली. मी लावून पंधराच दिवस झालेत."

"तू?" त्यांचा चेहरा बदलला. क्षणभर त्यात सुटका दिसली, मला ती आवडली नाही. "म्हणजे आधीबी... हे बघ. तीन तास. फक्त तीन तास पेपर हाय. उद्या मी स्वतः अब्बांपुढं हात जोडून सांगतो. आज बोललीस तर तू बी फसशील. दादा तुला कधी काचेला हात लावू देणार न्हाईत."

"पण वर..."

"तीन तास, जिक्रा."

गेट उघडलं होतं. पोरं येत होती. खांद्यावर सॅक, हातात पारदर्शक पाऊच, तोंडात फॉर्म्युले. भिंतीलगतच्या लोखंडी जिन्याखाली चपला काढायच्या आणि वर जायचं. क्लासचा नियम. मी तिथं हातात भाषणाचा कागद घेऊन उभी होते. जिल्ह्यात पहिली आलेली मी. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मला येत नव्हतं. दहा पोरं गेली. वीस. एका मुलीनं मला विचारलं, "ताई, बाथरूम वर आहे का खाली?" मी म्हणाले, "खाली." साठ. शंभर. जिना डुगडुगत होता. पुनम माझ्याकडं बघून हसली, गालाला खळी, हातात दोन पेनं. तीही गेली.

फुफू गेटातून चपला बघत होती. हेही तिनं मला नंतर सांगितलं. ती पोरांकडं बघतच नव्हती. एकाशेजारी एक, जोडीनं, एकशे ऐंशी जोड. त्र्याण्णवच्या त्या संध्याकाळी तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा औशाच्या त्या गल्लीत तिला आधी चपलाच दिसल्या होत्या. दारापुढं ठेवल्या तशा, सरळ, धूळही नाही. माणसं नव्हती, चपला होत्या. म्हणून ती गेटाच्या आत आली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या भिंतीजवळ आली, अनवाणीच, आणि दादांसमोर उभी राहिली.

"अब्बा, त्यांना खाली बोलवा."

"उमैमा, काचा..."

"मला काचा कळत न्हाईत. मला भिंत कळते."

अब्बू मध्ये पडले. अब्बू कुणाची बाजू घेत नाहीत, ते दुकान बघतात. "आपा, दहा मिनिटांत पेपर सुरू होईल. सगळ्यांसमोर तमाशा नको."

"मुज्तबा, तुला तरी..."

"हिला दरवेळी असंच होतं सर," चाचा मोठ्यानं हसत म्हणाले. "पंखा हलला तरी बाटली घेऊन बाहेर पळते."

सर कसनुसे हसले. दादीनं मान खाली घातली. तेव्हा दादांच्या पांढऱ्या टोपीवर काहीतरी पडलं. लाल. चिमूटभर विटेची भुकटी. दादांना कळलंही नाही. त्यांनी टोपीवरून हात फिरवला आणि लाल रेघ ओढली गेली.

"मधली काच त्र्याण्णवची न्हाई," मी म्हणाले.

आवाज एवढा मोठा निघाला की गेटावरचे दोन पालक वळून बघायला लागले.

"ती पंधरा दिवसांपूर्वी तडकली होती, दादा. मी बदलली. आणि ती आज सकाळी परत तुटली. चाचांनी बदलली. गोळा ओला हाय. चहा लावलाय. मुंग्या बघा."

कुणी मुंग्या बघितल्या नाहीत. सगळे चाचांकडं बघत होते. चाचांनी जग खाली ठेवला. ते नाही म्हणाले नाहीत.

"पोरी," दादा म्हणाले, "तू बदललीस? तडकलेली?"

"तडकलेली होती म्हणूनच बदलली, दादा."

"एकदाच ना?" सरांचा चेहरा पिवळा पडला होता, तरी ते गणित मांडत होते. "म्हणजे तीस वर्षांत एकदा, आणि आज एकदा. वरची आणि खालची तर जुनी आहे ना? मूळची?"

त्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. दादी अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "खालची मी बदलली होती."

"कधी?" दादा.

"शारिकच्या लग्नात. पाहुणे येणार होते. आन त्याच्या आधी एकदा. तुम्ही हजला गेला होतात."

"आणि वरची," अब्बू म्हणाले. ते जमिनीकडं बघत होते. "शादीखान्याला रंग दिला त्या साली. मला वाटलं रंगाऱ्याच्या शिडीनं फुटली. अब्बांचं मन दुखेल म्हणून..."

"मधली आणखी एकदा," दादी म्हणाली. "साल आठवत न्हाई."

दादा लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, त्यावरची लाल रेघ पाहिली आणि विचारलं, "मग मी तीस वर्षं काय पुसत होतो?"

सगळ्यांनी चोरून, एकमेकांपासून लपवून, एकमेकांसाठीच केलेलं. भिंत इतकी वर्षं बोलत होती आणि आम्ही दरवेळी तिच्या तोंडावर नवी काच बसवत होतो.

"पुनम," सर म्हणाले आणि जिन्याकडं धावले.

दगडोबाआजांनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारं, पण कापसाची वझी वाहिलेला हात. "शिवशंकर! तू पळला की समदे पळतेत. एकशे ऐंशी पोरं या जिन्यावर एकदम आली तर भिंतीला भूकंप कशाला पायजे?"

"आबा, सोडा! पोरगी वर आहे माझी!"

"माझी बी नात हाय ती. ऐक. कापूस या जिन्यानं कधी गेलाय का? जिना मागून आला. कापूस उत्तरंच्या दारानं जायचा. तिकडं दगडी उतार हाय, बैलगाडी लागायची. दार हाय का अजून?"

"स्टेजच्या मागं," अब्बू म्हणाले. "पडद्याच्या मागं फळ्या ठोकल्यात."

"तर फळ्या काढा."

अब्बूंनी पहार उचलली आणि इमारतीला वळसा घालून पळाले. अब्बूंना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आन वर कुणी तरी सांगायला पायजे," आजा म्हणाले, "पण असं, की त्यांना कळू नये."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात भाषणाचा कागद होता. मग आजा मला समजावू लागले, भरभर, बोटांनी हवेत रेघा ओढत. "पोरी, फळ्यांवर खिळ्यांच्या रांगा दिसतील. खिळा हाय तिथं खाली तुळई हाय. त्याच्यावरनंच चालवायचं, एकामागं एक. आम्ही वझं घेऊन तसंच चालायचो. भिंतीकडच्या ओळी आधी. समजलं?"

"हाव."

"जिक्रा न्हाई जायची," फुफू म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं ती अडवणार. तिनं माझ्या हातात बाटली दिली. "मी बी येते," ती म्हणाली.

*

माडीवर चुना आणि नव्या सनमायक्याचा वास होता. एकशे ऐंशी डोकी वळली. फुफू दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती वर, छताकडं बघत होती, पण ती हलली नाही. मी माइक घेतला.

"सन्माननीय व्यासपीठ," मी म्हणाले, कारण तेवढंच तोंडात होतं. पोरं हसली. ते हसू माझ्या कामाला आलं. "पेपरची जागा बदलली आहे. पेपर खाली अंगणात होईल. हीसुद्धा टेस्टच आहे. दक्षिणेच्या भिंतीकडची पहिली ओळ उठेल. सॅक इथंच. चपला तिकडंच राहू द्या, आपण मागच्या दारानं उतरतोय. फळ्यांवर खिळ्यांची रांग दिसते, तिच्यावरून चालायचं. बाहेर पाऊल पडलं तर मायनस एक. बोललं तर मायनस एक. पळणाऱ्याला मायनस चार."

मायनसला ती पोरं किती घाबरतात ते मला माहीत होतं. कुणी "का?" असंही विचारलं नाही. पहिली ओळ उठली.

पडद्यामागं पहारीचे दणके बसत होते. प्रत्येक दणक्याला मला पायाखालची फळी हललेली जाणवायची. मी मोजत होते. बारा. चोवीस. फळ्या निघाल्या, दार उघडलं, आणि मागून उजेडाचा एक मोठा तुकडा माडीवर येऊन पडला. तिथून थेट उतार. अब्बू दारात उभे राहून एकेकाचा दंड धरून बाहेर काढत होते.

सत्तर. पंच्याऐंशी. भिंतीच्या बाजूनं आवाज आला. मोठा नाही. विटेवर वीट घासावी एवढाच. एका मुलाचा पाय थांबला.

"मायनस एक," पुनम म्हणाली, मागच्या बेंचवरून, अगदी मॉनिटरच्या सुरात. तिला कळलं होतं. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता. मुलगा चालायला लागला.

खिडकीतून मी खाली बघितलं. लोखंडी जिन्याच्या तळाशी शारिकचाचा उभे होते, पाठ जिन्याला, दोन्ही हात पसरून, त्याच भिंतीच्या कुशीत. त्यांना तिथं कुणी उभं केलं नव्हतं. चुकून एखादं पोर त्या बाजूनं उतरू नये म्हणून. दादी लांबून त्यांना हाका मारत होती, ये बाहेर, ये बाहेर. ते मान हलवत होते.

एकशे एकोणऐंशी. पुनम शेवटची. मी तिच्या मागं, माझ्या मागं फुफू. उतारावर पाय टेकला तेव्हा मला कळलं की फुफूनं माझ्या ओढणीचं टोक हातात गुंडाळून घेतलं होतं, आणि बाटली माझ्याच काखेत होती, न उघडलेली. तिनं ती घेतली आणि सगळी पिऊन टाकली.

*

सरांनी पेपर रद्द केला नाही. ते म्हणाले, पोरं एवढ्या लांबून आली आहेत. इमारतीपासून लांब, गेटाजवळच्या कडुनिंबांखाली ताडपत्र्या पसरल्या आणि एकशे ऐंशी अनवाणी पोरं मांडी घालून लिहायला बसली. भिंतीकडं जायला सगळ्यांना मनाई. चपला जिन्याखालीच राहिल्या.

चाचा सगळ्यांत शेवटी तिथून हलले. फुफूपाशी आले. फुफूनं ताडपत्रीवर थोडी सरकून त्यांना जागा केली.

फक्त दादा भिंतीपाशी गेले. दादीनं त्यांची बाही धरली होती, ती त्यांनी हळूच सोडवली. खिशातला काच कापायचा हिरा काढला, पट्टी कापली, आणि मधली काच, चाचांनी लावलेली, उखडून तिच्या जागी ती बसवली. पांढऱ्या गोळ्यांना चहा लावला नाही. खिळ्यानं विटेत आजची तारीख कोरली आणि परत येऊन आमच्यात बसले.

"प्लास्टर धरायला पंधरा मिनिटं," ते म्हणाले.

मार्चचं ऊन त्या भिंतीवर सरळ पडलं होतं. नव्या मधल्या काचेवरून त्याचा एक लांबट कवडसा खाली चपलांवर पडला होता, एका निळ्या सँडलपासून एका तुटक्या अंगठ्याच्या चपलेपर्यंत. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो. पोरांच्या पेनांचा आवाज तेवढा येत होता.

पेपर सुरू होऊन तास झाला असेल. जमीन हलली नाही. वाराही नव्हता. आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. फक्त चपलांवरच्या त्या एका कवडशाचे दोन झाले, आणि त्यांतला एक थोडा तिरका झाला.

दादीचा हात मांडीवरून उठला. सवयीनं, आपोआप. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला आणि पदराखाली घेतला.

"राहू दे," दादा म्हणाले. "तशीच राहू दे."

कुणीच उठलं नाही.